गेनादी सरांचा लेफ्ट बॅक

—अरे, इथे कसा उतरणार तू? इथे फूटपाथच नाहीत. हे मिल्टन कीन्स आहे बाबा, लेस्टर नव्हे — इथे माणसांचे रस्ते वेगळे, गाड्यांचे वेगळे, आणि गाड्यांच्या रस्त्यावर कुणी चालताना दिसला की लोक समजतात, गाडी तरी बंद पडलीय नाहीतर बायकोशी भांडण तरी झालंय. बस निवांत. पोचतोच आहोत. हा एक राउंडअबाउट, मग आणखी एक, मग बहुतेक आणखी एक. बॅग मांडीवर कशाला घेतलीस, मागे टाक ना. बूट आहेत का त्यात, स्टडवाले? वा, कोल्हापूरहून आणलेत? म्हणजे तू खरंच तोच, वरद. ऐकलंय हं आम्ही तुझ्याबद्दल. लेस्टरवाल्यांनी नवा फॉरवर्ड आणलाय, पेठेतल्या तालमीकडून खेळलेला, उजवीकडून सुटला की गोलकीपरला नमस्कार करूनच थांबतो — आमच्या मंडळात दुसरा विषयच नाही. आणि अहोजाहो नको करूस, काका तर मुळीच नको. शशिधर म्हण. मी तुझ्यासमोर खेळणार आहे रे, लेफ्ट बॅक. तू काका म्हणालास तर मी आपला सवयीनं बाजूला होऊन तुला वाट देईन.

लेफ्ट बॅक म्हणजे फार काही नाही असं लोकांना वाटतं. माझ्या घरातही वाटतं. सुप्रभा — माझी बायको, इथल्याच हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे — ती म्हणते, तू रविवारी सकाळी जाऊन नक्की करतोस काय? मी म्हणतो, उभा राहतो. ती म्हणते, ते तू घरीही करतोस की. असो. पण आज शाल्मली येणारेय बघायला, माझी मुलगी. पहिल्यांदा! काल जेवताना, मान वर न करता, म्हणाली, ‘बाबा, उद्या तुझी मॅच आहे ना? मी येते. माझा मैत्रीण पण येते.’ मराठी असंच आहे तिचं, मैत्रीण तिचा असतो आणि फुटबॉल तिची असते, पण वाक्य मराठीत आलं आणि स्वतःहून आलं — मी हातातला घास तसाच धरून बसलो. चौदा वर्षांची मुलगी, मैत्रिणीला घेऊन, बापाला बघायला येते, हे काय असतं ते तुला नाही कळायचं, तुझं लग्न झालेलं नाही. झालंय? मग तरी नाही कळायचं. सकाळी उठून शॉर्ट्सला इस्त्री केली मी. शॉर्ट्सला! बघ, कशी रेघ आलीय. बाकी, घड्याळ नको बघूस. आपल्या लोकांची मॅच कधी वेळेवर सुरू होते का? — म्हणजे, आमची होते. सरांमुळे होते. तुला सर माहीत नाहीत ना? सांगतो, रस्ता आहे तोवर.

सर म्हणजे आमचे कोच, गेनादी पेत्रोविच. सोव्हिएत युनियनमधले डिफेंडर. हसतोस काय? देश राहिला नाही म्हणून माणूस खोटा ठरतो का? ते आमच्याकडे कसे आले ऐक. आमच्या शिवनेरी मित्रमंडळाचं स्नेहसंमेलन होतं, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये. प्रमुख पाहुणे लंडनहून यायचे होते, मोठे हार्टचे डॉक्टर. त्यांचा फोन आला, मी राउंडअबाउटला आहे. आम्ही विचारलं, कुठल्या? ते म्हणाले, गोल आहे. थोड्या वेळानं पुन्हा फोन — अजून राउंडअबाउटलाच आहे. मग फोनच बंद झाला. इकडे शाल आणलेली, नारळ आणलेला, वेम्बलीच्या आपल्या दुकानांत जाऊन खास. आता प्रमुख पाहुण्यांशिवाय कार्यक्रम करणार कसा, तूच सांग! एक वेळ तबलजी नसला तरी गाणं होतं, पण शाल कुणाच्या तरी खांद्यावर पडल्याशिवाय आपली माणसं जेवायला उठत नाहीत. तर आमचा अध्यक्ष, उदय, इकडेतिकडे बघतो, आणि त्याला दिसतो कोण, तर हॉलचा केअरटेकर, खुर्च्या लावत असलेला. उंच, केस पांढरे, पाठ अशी ताठ, की बघणाऱ्याला वाटावं आपणच वाकलोय. उदयनं त्याचा हात धरला, स्टेजवर नेलं, शाल घातली, नारळ दिला, आणि माइकवर इंग्रजीत म्हणाला, आमची विनंती आहे की आपण आम्हाला मार्गदर्शन करावं. म्हणतोच ना आपण? त्याचा अर्थ काय असतो? काही नसतो. टाळ्या वाजवायच्या आणि वडे खायचे. पण या माणसानं आधी नारळाकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं, एकेकाच्या पोटाकडे, एकेकाच्या गुडघ्याकडे — आणि विचारलं, ‘फुटबॉल?’ आता प्रमुख पाहुण्यांना नाही कोण म्हणणार? उदय म्हणाला, येस येस, ऑफ कोर्स. मग त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आपल्याकडे दोन शब्द म्हणजे निदान पाऊण तास. हे दोनच शब्द बोलले. ‘संडे. सेव्हन.’

आणि रविवारी सकाळी सात वाजता उदयला फोन. कम्युनिटी सेंटरच्या मागच्या मैदानावर एक माणूस तोंडात शिट्टी धरून उभा आहे आणि त्याच्या खांद्यावर तुमच्या मंडळाची शाल आहे. कुणीतरी जाऊन सांगायला हवं होतं ना, की साहेब, तो नुसता सत्कार होता? उदय गेला सांगायला. तो परतच आला नाही. मग अंबरीश गेला उदयला बघायला. मग मी गेलो अंबरीशला बघायला, तर दोघं मैदानाला फेऱ्या मारतायत, लाल झालेत, आणि माझ्या शेजारून जाताना उदय म्हणतो, ‘अजून सांगितलं नाही, योग्य वेळ बघतोय.’ ती योग्य वेळ आजतागायत आलेली नाही. असेच अकरा जण गोळा झालो आम्ही — प्रत्येक जण आधीच्याला सोडवायला गेलेला. पुढे कळलं की तिकडे सर ज्या कारखान्याच्या संघाकडून खेळायचे, तिथे कोच नेमायची रीतच तशी होती. स्टेज, भाषण, खांद्यावर काहीतरी, हातात काहीतरी, आणि तुमची इच्छा आहे का हे विचारायची पद्धत नाही. त्यांना वाटलं, चला, झाली नेमणूक.

जागा मात्र आम्ही मंडळाच्या पद्धतीनं ठरवल्या. अंबरीश खजिनदार, त्याच्या हातून आजवर काही सुटलेलं नाही, म्हणून तो गोलकीपर. उदय अध्यक्ष, फोटोत मधोमध असायला हवा, म्हणून सेंटर फॉरवर्ड. मी साधा सदस्य — मला म्हणाले, तू मागे डावीकडे उभा राहा, तिथे कुणी येत नाही. सरांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. त्यांच्याकडेही असंच असायचं म्हणे. मग ट्रेनिंग सुरू झालं. बॉल? छे! पहिले चार महिने आम्हाला बॉल दाखवलासुद्धा नाही. सर म्हणायचे, बॉल बघितला की माणूस बिघडतो. मागच्या चौघांना कमरेला दोरीनं बांधायचे — गणपतीच्या मांडवाची दोरी — आणि मग एक डावीकडे सरकला की चौघंही डावीकडे, एक मागे की चौघंही मागे. डिसेंबरात, पावसात, चार सॉफ्टवेअर इंजिनिअर एका दोरीला. एक बाई कुत्रा फिरवत आली, म्हणाली, चॅरिटीसाठी आहे का? आणि पर्स उघडायला लागली. पण अंगात भिनलं रे ते! आजही आम्ही चौघं टेस्कोत भेटलो, आणि एक दुधाकडे निघाला, की बाकीचे तिघं आपोआप निघतात. सुप्रभा म्हणते, तू सारखा माझ्या आणि फ्रिजच्या मधे का येतोस? मी तिला काय सांगू — मधे येणं हेच तर शिकलोय मी. आणि निकाल बघ ना! दोन सीझन झाले, आमच्यावर एकही गोल नाही. एकही! आम्ही केला का? नाही, तो प्रश्नच नाही. सर म्हणतात, गोल म्हणजे कुणाची तरी चूक असते, आणि सभ्य माणसानं दुसऱ्याच्या चुकीवर जगू नये. उदय बिचारा अजून फोटोपुरता फॉरवर्ड आहे.

काय? गाई? हो, सिमेंटच्या आहेत. या गावाची खासियतच आहे ती. मघाशीही दिसल्या? असतील, बऱ्याच आहेत. तशाच काळ्या-पांढऱ्या? मग, सिमेंटच्या गाई आणखी कशा असणार? बरं, तिचा हा तुटलेला कान मघाशीही तुटलेला होता, हे तुला कसं आठवतं? — नाही, नजर चांगली आहे तुझी. खेळाडूची आहे. तिसऱ्यांदा नाही रे, दुसऱ्यांदाच. बरं, तिसऱ्यांदा.

ठीक आहे. तू सरळ मुलगा आहेस, तुला सांगून टाकतो. पण आधी तुला तेंगीझ कळला पाहिजे, नाहीतर तू म्हणशील हा माणूस वेडा आहे. सर व्होल्गाकाठच्या एका ट्रॅक्टर कारखान्याच्या संघाकडून खेळायचे. कागदोपत्री फिटर. फुटबॉल खेळून पोट भरतो असं म्हणायची तिकडे सोय नव्हती, म्हणून सगळे फिटर. आयुष्यात पाना धरला नाही त्यांनी — एकदा परदेशी पाहुणे आले तेव्हा त्यांना डांगरी घालून मशीनपाशी उभं केलं, तर सरांनी मशीन आणि पाहुण्यांच्या मधे उभं राहून कुणाला मशीन बघूच दिलं नाही. बक्षीस मिळालं त्यांना त्याबद्दल. तर अशात जॉर्जियाचा एक संघ खेळायला आला. त्यात डावीकडून पळणारा हा तेंगीझ. वारा! सरांच्या कोचनं सरांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, तो जाईल तिथे जा, मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस. सर गेले. तेंगीझ पुढे तर सर पुढे, तेंगीझ मागे तर सर मागे. हाफटाइमला तेंगीझ चिडून आपल्या संघाच्या ड्रेसिंगरूममध्ये गेला, तर हेही गेले, त्यांचा चहा प्यायले. मॅच झाली शून्य-शून्य. आणि शिट्टी वाजली, तसा तो म्हातारा कोच आनंदानं उठला, दोन्ही हात वर केले, आणि गेला. हार्ट. बाकावरच.

आता मला सांग, थांब कोण म्हणणार?

नाही ना? हुकूम तसाच राहिला! पुढच्या सीझनला सरांनी बदली मागून घेतली, तेंगीझ ज्या गावी त्या गावी. तेंगीझच्या लग्नाचा फोटो आहे, मी स्वतः बघितलाय — डावीकडे तेंगीझ, उजवीकडे नवरी, आणि मधे सर. मग सर कोच झाले. कोळशाच्या खाणीचा एक संघ घेतला, का? तर तेंगीझची सासुरवाडी तिथे. तिथे सरांचा संघ इतका गच्च खेळायचा की प्रेक्षक झोपायचे, आणि झोपलेल्यांना उठवायला स्टेडियममध्ये घंटा बसवली होती. मग एका जेलचा संघ घेतला. तो बाहेरगावी खेळायला जाऊ शकत नव्हता, पण बाकी शिस्त उत्तम. मग देशच बंद झाला. कारखाना बंद, खातं बंद, ज्या मंत्रालयात अर्ज करून हुकूम मागे घेता आला असता ते मंत्रालय बंद. तेंगीझ कंटाळून इकडे आला, इथे जवळच वुल्व्हर्टनला गाड्या धुवायला लागला. महिन्याभरात सर समोरच्या खोलीत. तेंगीझ म्हणाला, अरे, मी खेळणं सोडून जमाना झाला! सर म्हणाले, तू असं म्हणणारच.

ये-जा आहे आता त्यांच्यात, चहा होतो रोज. तेंगीझ सुट्टीवर निघाला की आधी सरांना तारखा सांगतो. मी एकदा त्याला गाठून विचारलं, तुला राग नाही येत? म्हणाला, पहिली काही वर्षं आला. मग एकदा गेनादी फ्लूनं पडला, आणि मी घराबाहेर पडलो, तर मला रस्ताच ओलांडता येईना. त्याच्या बाजूनं काय येतंय ते बघायची सवयच राहिली नव्हती. — तू का असा बघतोयस माझ्याकडे? हो. तेच सांगतोय. गुरुवारी सरांनी मला बाजूला घेतलं, तुझं नाव घेतलं, आणि म्हणाले, ‘मॅन टु मॅन.’ मी म्हटलं, येस सर, राइट फ्रॉम द किक-ऑफ. सर म्हणाले, ‘फ्रॉम द स्टेशन.’

म्हणून मी आलो तुला घ्यायला. यजमान म्हणून नव्हे. म्हणजे यजमान म्हणूनही, थर्मासमध्ये चहा आहे, घे ना. नाही? बरं. चिडू नकोस. सरांचं गणित असं, की बॅक हा स्वतःला आणि समोरच्या एकाला खेळातून बाहेर काढतो. उरले दहा विरुद्ध दहा, आणि तुमच्या त्या दहांत उजवीकडून पळणारा कोणी नाही. साधं आहे. हो — हो, अर्थात, मग मीही खेळत नाही. तुझं बरोबर आहे. तू पटकन पकडलंस, मला शुक्रवार संध्याकाळ लागली ते लक्षात यायला. मी अंबरीशला म्हटलं, अरे, पण मी लेफ्ट बॅक आहे ना? तो म्हणाला, आहेसच की, फक्त तू एच सिक्स रोडवर आहेस.

थांब, फोन. मी हातात धरत नाही, कायदा आहे, बाजूला घेतो गाडी. — हं, बोल अंबरीश. सुरू झाली? किती? शून्य-शून्य. वा. सर काय म्हणतात? — ‘गुड’ म्हणाले? माझं नाव घेऊन म्हणाले की नुसतंच गुड? बरं, बरं. माझ्याबरोबर आहे. हो, बसलाय. नाही, चहा नको म्हणतो. अंबरीश, ऐक ना — शाल्मली आलीय का तिथे? निळा कोट, आणि तिच्याबरोबर — हॅलो? ठेवला. गोलकीक आली असेल. मोबाइल खिशात घेऊन उभा राहतो तो. निघूया? सीटबेल्ट लाव. उतरू नकोस प्लीज, इथून खरंच कुठेच जाता येत नाही चालत, मी तुला घाबरवत नाहीये.

तू नोकरी कुठे करतोस म्हणालास? बिलिंगचा प्रोजेक्ट? पुण्यातली टीम आणि लेस्टरला क्लायंट? — लीड निधी आहे का? उंच, चष्मा, फार प्रश्न विचारते? हं. चांगली आहे. मीच तिला केटी दिला. नॉलेज ट्रान्सफर, हो, तोच. तीन महिने रोज हेडफोन घालून बसायचो, पुण्यात ती, इकडे मी. माझं काम काय, ते कसं करायचं, कुठे अडतं, अडलं तर कुणाला विचारायचं — मलाच विचारायचं, पण ते मी सांगितलं नाही, कारण तेव्हा मी तिथे नसणार होतो. फार मन लावून शिकवलं मी. शेवटच्या दिवशी ती म्हणाली, सर, तुमच्याइतकं छान कुणी शिकवलं नाही, आता मला सगळं येतं. मला इतका आनंद झाला! केक आणला होता ऑफिसनं. घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाल्मली शाळेत जाताना म्हणाली, बाबा, तू आज घरी? मी म्हटलं, आज घरी. मग ती रोज विचारायची, मग तिनं विचारणं बंद केलं. आता ती जाते तेव्हा मी स्वयंपाकघरात उभा असतो, ती येते तेव्हाही असतो, आणि मला वाटतं ती मला कपाटासारखी वळसा घालून जाते. तक्रार नाही करत मी. मुलं असतातच तशी. हे कशाला सांगतोय मी तुला? सरांबद्दल सांगत होतो. तर सरांच्या लेखी मी या गावातला पहिल्या नंबरचा लेफ्ट बॅक आहे. तसं ते म्हणाले नाहीत. पण दर रविवारी कमरेला दोरी बांधताना माझी गाठ ते स्वतः बघतात. बाकीच्यांची नाही बघत.

पुन्हा वाजला. बाजूला घेतो. — हॅलो? — बोल राजा. मी ना, मी जवळच आहे. काम निघालं जरा. — हो, शर्ट घातलाय, तो पिवळाच. — काय म्हणते? — नाही रे सोन्या, मी दिसणार नाही तुला आत्ता. — हसतायत का? नुसती मैत्रीण की सगळे? — बरं. नाही, ठीक आहे. पाऊस आला तर टोपी घाल. बरं.

…

काही नाही. शाल्मली होती. मैत्रिणीला आधीच सांगून ठेवलं होतं तिनं, माझा बाबा तो डावीकडचा. बसमध्येच सांगितलं म्हणे. आणि डावीकडे कुणी नाही. तिथे एक कुत्रा येऊन बसलाय. कुणी हाकलतही नाहीये त्याला, कारण त्या बाजूला खेळच जात नाही, दोन्ही संघ मधेच उभे आहेत. तर मैत्रीण म्हणाली, तुझा बाबा तो आहे का? गंमत म्हणून रे. मुली आहेत. शाल्मली हसत नव्हती पण. इंग्रजीत बोलत होती माझ्याशी.

सीटबेल्ट लावलायस? घट्ट धर. हा उजवीकडचा नको, तो तर मी मुद्दाम घेत होतो, डावीकडचा घ्यायला हवा. दोन मिनिटांवर आहे मैदान. हो, दोन मिनिटांवर. कायमच होतं. ऐक आता नीट, बॅग उघड, बूट चढव, गाडीतच चढव, मॅटला चिखल लागला तर लागू दे. तू मला मागे टाकून जाणार हे मला माहीत आहे, वरद. एकदा नाही, चारपाचदा जाशील. मला गुडघा वळवायला जो वेळ लागतो त्यात तू घरी जाऊन येशील. गोलही बसेल आमच्यावर, पहिला, आणि तो माझ्या बाजूनं बसेल, आणि दोन सीझन जे सांभाळलं ते माझ्यामुळे जाईल, आणि सर काय म्हणतील ते मला — मी हुकूम मोडतोय त्यांचा, कळतंय का तुला? त्यांच्या आयुष्यात कुणी मोडला नसेल. देश मोडला तरी त्यांनी नाही मोडला. पण तू एक लक्षात ठेव. दया म्हणून हळू पळू नकोस. हल्लीच्या मुलींना लगेच कळतं. जितका पळतोस तितका पळ. मी तुझ्यामागे येईन. पोचेन असं नाही म्हणत, येईन.

हे बघ, आलं. ती झाडं, त्यांच्या पलीकडे. तो खुर्चीवर बसलेला तेंगीझ, सर त्याला दर मॅचला आणतात. आणि शेजारी उभे आहेत ते सर. बघितलं त्यांनी. गाडी बघितली. तू दिसलास त्यांना. शिट्टी तोंडाशी नेलीय — वाजवत नाहीयेत. नुसतेच बघतायत. मी नाही बघत त्यांच्याकडे, मला जमणार नाही. निळा कोट कुठे दिसतो का तुला? तिकडे, कॉर्नरपाशी? दोघी आहेत? आपल्याकडेच बघतायत?

उतर. तू त्या बाजूनं जा, मी या बाजूनं. गप्पा पुरे झाल्या, मैदानात मी कुणाशी बोलत नाही, आणि इथून पुढे आपली ओळख नाही. थँक्यू कसलं म्हणतोस! जा. अरे, जा ना — ती बघतेय.